भाऊजींचं नाक

आमच्या ताईच्या घरी जाताना बेल वाजवायची गरज पडत नाही. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर कळतं की आत आज काय चाललंय. संत्र्याचा वास आला तर मेणबत्त्या, लव्हेंडरचा आला तर साबण, आणि नुसताच तापलेल्या तेलाचा आला तर ताईचं काहीतरी बिनसलंय आणि शहाण्या माणसाने आल्या पावली परत फिरावं. मी फिरत नाही. मी तिची धाकटी बहीण. नाकावर राग घेऊनच जन्माला आलीस, असं आई मला म्हणायची.

ताईच्या साबणांचा आणि मेणबत्त्यांचा सगळा पसारा मागच्या खोलीत असतो. खिडकीखाली शेगडी, तिच्यावर पाण्याचं मोठं पातेलं आणि त्यात मेणाचं लहान पातेलं. शेजारी पत्र्याच्या डब्यांची रांग, आणि प्रत्येक डबीवर कपड्यांचा चिमटा आडवा ठेवलेला, मेण गोठेपर्यंत वात मधोमध उभी राहावी म्हणून. भिंतीला लागून लाकडी फळ्या आहेत. त्यांच्यावर साबणाच्या वड्या मुरत पडलेल्या असतात. महिनाभर त्यांना कोणी हात लावायचा नाही. कुणी घाई केली की ताई म्हणते, "माणूस मुरायला जन्म जातो, साबणाला महिना तरी द्या."

वड्या कागदात बांधणं, डब्यांना झाकणं लावणं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं ही कामं माझ्याकडे. मिश्रण मात्र ताईचं. त्याला ती कोणालाही हात लावू देत नाही. सुगंधी तेलांच्या तिच्या सगळ्या बाटल्या तपकिरी, एकाच मापाच्या. कधीकाळी त्यांच्यावर चिठ्ठ्या होत्या, पण तेलकट हातांनी त्या कधीच गळून पडल्या. मी नव्या लावते म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं.

"मला नाक आहे ना? मग चिठ्ठ्या कशाला?"

बूच काढायचं, बाटली नाकाखालून न्यायची, नको ती खाली ठेवायची, हवी ती घ्यायची. चूक कधी व्हायची नाही. आणि तरीही या बाईचा शेवटच्या क्षणी स्वतःवर विश्वास नसायचा. मिश्रण तयार झालं की ती ते एकदा हुंगायची आणि पुढच्या खोलीकडे तोंड करून हाक मारायची, "अहो, जरा हुंगून सांगा."

मग भाऊजी यायचे. भाऊजी चष्म्याच्या दुकानात कारागीर आहेत. काचा घासून बसवणं, काड्या वाकवणं आणि नाकावर टेकणाऱ्या त्या दोन इवल्याशा गाद्या बसवून देणं, यात त्यांचा जन्म गेला. स्वभावाने नाकासमोर चालणारा माणूस, आणि धंदाही नाकांचाच. हात पुसत ते यायचे, पातेल्यावर वाकायचे, लांब श्वास घ्यायचे, मग ताईकडे बघायचे आणि तीनपैकी एक काहीतरी म्हणायचे. "छान." किंवा, "जरा डोक्यात जातोय." किंवा, "काहीतरी राहिलंय अजून."

ताई लगेच म्हणायची, "मलाही अगदी तेच वाटत होतं."

हे मी ताईचं लग्न झाल्यापासून बघत आले. गल्लीत भाऊजींच्या नाकाचा एवढा बोलबाला झाला होता की खालच्या मजल्यावरची बाई दूध नासलंय का ते विचारायला भांडं घेऊन वर यायची. भाऊजी वाकायचे, तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "टाकून द्या." बाई म्हणायची, "वाटलंच मला." तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. कारण याच माणसाशेजारी एकदा दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला होता आणि हे शांतपणे चष्म्याचा स्क्रू आवळत बसले होते. मी मात्र ते वेंधळे आहेत एवढंच धरून चालले.

मागच्या थंडीत ताईला सर्दी झाली. साधीसुधी नाही, नाक दोन्ही बाजूंनी ठार बंद. मी नेमकी सासरच्या गावी गेलेली. आणि त्याच आठवड्यात पुढच्या चौकातल्या हॉटेलवाल्याला मेणबत्त्या हव्या होत्या. लहानसंच हॉटेल, नवीन रंगवलेलं. प्रत्येक खोलीत संत्र्याच्या वासाची मेणबत्ती ठेवायची असं त्याच्या मनात होतं. ताईने खूप विनवूनही तो थांबायला तयार नव्हता, आणि दारात आलेल्याला नाही म्हणणं हे ताईच्या पत्रिकेतच नाही.

तिने मेण वितळवलं. बाटल्या उघडून नाकाखालून नेल्या. काहीच कळेना. शेवटी अंदाजाने एक बाटली उचलून ती भाऊजींच्या समोर धरली.

"संत्र्याचीच ना ही?"

भाऊजींनी लांब श्वास घेतला, ताईकडे बघितलं आणि म्हणाले, "हो. छान."

मेणबत्त्या झाल्या, झाकणं लागली, भाऊजी स्वतः सायकलवरून पोचवून आले. दोन दिवसांनी मी परतले आणि ताईकडे चहा पीत बसले होते, तेव्हा हॉटेलवाला दारात उभा राहिला. माणूस भला. चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता.

"ताई, रागावू नका," तो म्हणाला, "पण माझ्या हॉटेलात दातांच्या डॉक्टरांकडचा वास येतोय. एक पाहुणे तर रात्रभर गाल धरून बसले होते. सकाळी म्हणाले, काल आलो तेव्हा माझी दाढ चांगली होती."

मी डबीचं झाकण उघडलं. लवंग. संत्र्याचा मागमूसही नाही. मला हसू आवरेना. ताईची सर्दी तोवर ओसरली होती. तिनेही डबी नाकाशी नेली, आणि तिचा चेहरा बघून माझं हसू जागच्या जागी थांबलं. तिने हॉटेलवाल्याला नव्या मेणबत्त्या देते असं सांगून वाटेला लावलं, भाऊजींना हाक मारली आणि ती डबी त्यांच्या नाकाखाली धरली.

"कसला वास आहे हा?"

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. "चांगला नाहीये."

"ते मी विचारलंच नाही. कसला आहे?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"मला येत नाही," ते म्हणाले.

"तुम्हालाही सर्दी झालीये का?"

"नाही गं. मला वास येतच नाही. कधीच आला नाही. लहानपणापासून."

कपबशी कोणाची वाजली कोण जाणे, बहुतेक माझीच. ताईने डबीचं झाकण लावलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मग इतकी वर्षं मी कोणाला विचारत होते?"

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, शेगडी बंद केली, पातेल्यांवर फडकं टाकलं आणि मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. त्या दिवसापासून तिने काम बंद केलं. मी समजावलं, ओरडले, तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवून तासभर तसं वागलेही. तिचं एकच. "लोक माझ्या वासांचं कौतुक करतात. ते सगळं यांच्या 'छान'वर उभं होतं. आणि ते 'छान' पोकळ होतं. मला स्वतःला काय कळतं, तेच मला माहीत नाही आता." हे ऐकून मला रडू आलं, कारण ज्या कामाने तिचे हात कायम खरखरीत आणि डोळे कायम हसरे ठेवले होते, ते ती खरंच सोडून देणार होती.

भाऊजींनी त्यांच्या परीने प्रयत्न केला. दुकानातून जाड कागद आणला आणि सगळ्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या. अक्षरं डोळे तपासायच्या तक्त्यासारखी, वरचं ठळक, खाली खाली बारीक. 'संत्रं' तर जिन्यातून वाचता आलं असतं. ताईने ढुंकूनही बघितलं नाही. चिठ्ठ्या लावल्यावर त्यांना वाटलं असावं की आता तरी ती हसेल. ती हसली नाही, आणि ते मुकाट्याने दुकानात निघून गेले.

मी त्यांच्या मागोमाग गेले. चार शब्द चांगले सुनावायचे असं वाटेत ठरवलं होतं. दुकानात एक म्हातारे गृहस्थ नवा चष्मा घालून आरशासमोर बसलेले.

"ठीक आहे," ते म्हणाले.

"नाही," भाऊजी म्हणाले. "डावीकडे टोचतोय."

त्यांनी चष्मा काढून घेतला, गादी केसभर आत दाबली, परत घातला. म्हाताऱ्याचा सगळा चेहरा सैल झाला. "अरे, टोचत होता की," ते म्हणाले, "मलाच कळलं नव्हतं." ते गेले आणि मी तोंड उघडलं.

"तुम्ही तिला फसवलंत."

"पहिल्या दिवशी," भाऊजी म्हणाले. "तुमच्या वडिलांचा चष्मा न्यायला ती इथे आली होती. पिशवीत तिने स्वतः केलेली पहिली वडी होती. भेटेल त्याला वास विचारत सुटली होती. मलाही म्हणाली, हुंगून सांगा. ती इतकी खुशीत होती. मला येत नाही असं म्हणायला जीभच वळली नाही. छान म्हणालो. पहिल्या दिवशी राहिलं ते राहिलंच. पुढे सांगायला गेलो की वाटायचं, आता फार उशीर झाला."

"आणि ते डोक्यात जातोय, काहीतरी राहिलंय, ते कुठून काढायचात?"

ते हातातल्या चिमट्याकडे बघत राहिले. "तिच्या तोंडावरून. वास जमला असेल तर हुंगल्यावर तिच्या कपाळावरची ती उभी आठी जाते. जास्त झाला असेल तर खालचा ओठ आत घेते. आणि काही कमी पडलं असेल तर छताकडे बघते, तिथे लिहून ठेवल्यासारखं. मी तेवढंच सांगायचो. एकदाही चुकलो नाही. त्या दिवशी तिचं नाक बंद होतं, चेहऱ्यावर काही नव्हतंच. मी घाबरलो आणि छान म्हणून मोकळा झालो."

चार शब्द सुनावायला गेलेली मी तशीच उलट पावली ताईकडे आले आणि तिला सगळं सांगितलं. ओठापासून आठीपर्यंत काही गाळलं नाही.

ताई ऐकत राहिली. "म्हणजे माझ्याच तोंडावरचं वाचून मलाच सांगत होते?"

"हो."

"म्हणजे ते सगळं माझंच होतं?"

"मग कोणाचं असणार? नाक एकच होतं या घरात."

तिला ते पटलं की नाही मला कळेना. पण संध्याकाळी भाऊजी घरी आले तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडं होतं. ताई टेबलापाशी बसली होती, समोर तीन बाटल्या, चिठ्ठ्या आपल्याकडे वळवलेल्या. भाऊजींना तिने खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराशी उभं केलं. साक्षीदार म्हणून मी मध्ये.

तिने पहिली बाटली हुंगली. चेहरा दगडासारखा ठेवायचा तिचा बेत होता.

"ही आवडते तुला," भाऊजी दारातून म्हणाले. "पण आज नकोय."

दुसरी.

"हीच घेणार आहेस. हात जरा आखडता ठेवून."

ताईने माझ्याकडे बघितलं आणि तिसरी उचलली. नाकाशी नेली मात्र, तिचा हात आपोआप गालाकडे गेला.

"लवंग," भाऊजी म्हणाले.

मी आधी हसले, मग ताई. पुष्कळ दिवसांनी ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. भाऊजी दारातच उभे. आत यावं की नाही त्यांना समजेना.

ताईने शेगडी पेटवली. मेण चढवलं. हॉटेलवाल्याच्या डब्या ओळीने मांडल्या, मी वातींना चिमटे लावले. मेण पातळ झालं, पातेलं खाली उतरलं, तिने संत्र्याचं तेल घातलं, ढवळलं, आणि सवयीने हाक गेली, "अहो."

भाऊजी आले. हात पुसले आणि सवयीनेच पातेल्यावर वाकले. ताईने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"तिकडे नाही," ती म्हणाली. मग खिडकीच्या उजेडाकडे वळून तिने चेहरा वर केला. "इकडे. आता बघून सांगा."

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, नीट बसवला आणि बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की मला उगाचच चिमटे सरळ करावे लागले.

"छान," ते म्हणाले.

"अहो, मी अजून हुंगलंच नाहीये."

"ते कळलं मला," भाऊजी म्हणाले.