टोपली उतरवायची खोली

आयसीयूत चारचा चहा थर्मासमधून यायचा. जी रिकामी असेल ती सगळ्यांचे कप भरायची आणि इन्चार्जचा कप टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर नेऊन ठेवायची. फेब्रुवारीत तो कप भरणं बंद झालं. कप तिथेच असायचा, धुतलेला, उपडा. किशोरी कोळी रोज त्याच्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. न बोलण्यात तिचा हात कुणी धरला नसता, पण आता अख्खा विभागच न बोलण्यावर उतरला होता.

पनवेलबाहेर हायवेला लागून असलेल्या त्या खासगी रुग्णालयात ती अकरा वर्षं होती, त्यातली सहा आयसीयूची इन्चार्ज म्हणून. वय एकोणपन्नास. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली सांगत की सिस्टर ओरडत नाहीत, नुसत्या चार्टवर बोट ठेवून उभ्या राहतात, आणि ते ओरडण्याहून वाईट असतं. नोंदीच्या बाबतीत ती निर्दय होती. लिहिलेलं नसेल तर ते केलेलंच नाही, असं ती प्रत्येकीला पहिल्या दिवशी सांगायची. चुकलं तर खरवडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही, पान फाडायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी ‘चुकीची नोंद’, सही आणि वेळ. रेघ मारलेली नोंद मग कुणी धरत नाही, पण रेघ कुणी मारली ते कायम राहतं.

ती उरणकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात वाढली. आई, गुणाबाई, पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. संध्याकाळी परत आली की टोपली उंबऱ्याशी उतरवायची, पाय धुवायची, आणि तांब्याभर पाणी पिऊन होईपर्यंत घरातलं कुणी तिच्याशी बोलायचं नाही. तक्रार नाही, बातमी नाही, काय विकलं ते विचारणं नाही. हा नियम कुणी घातला ते कुणाला आठवत नव्हतं. एका संध्याकाळी वडलांचं नवं जाळं खडकाला लागून फाटलं होतं. ते अंगणात जाळं मांडीवर घेऊन बसले होते, आणि गुणाबाई पाणी पिऊन होईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “जालं गेलं.” किशोरी तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या गप्प बसण्याचं तिला तेव्हा काही वाटलं नव्हतं. सगळ्यांच्या घरी असंच असतं, असं तिला वाटायचं.

आदल्या पावसाळ्याच्या तोंडावर रुग्णालयाने ताणतणाव निवारणाचं शिबिर घेतलं. एचआर मॅनेजर सत्यजीत सरांनी मुंबईहून कुणाला तरी बोलावलं होतं. त्या बाईंनी नर्सेसना फुगे फुगवायला लावले, फुग्यावर आपला ताण लिहायला लावला आणि टाचणीने फोडायला लावला. सुट्टी असलेल्यांनाही यावं लागलं. नाझियाने, विभागातल्या सर्वांत जुन्या स्टाफ नर्सने, फुग्यावर ‘शिबिर’ असं लिहिलं आणि तो फोडलाच नाही.

“असू दे,” ती म्हणाली. “घरी लेकरांना होईल खेळायला.”

त्याच आठवड्यात एका मुलीने भर ड्यूटीत औषधांचा ट्रे खाली ठेवला, चपला घातल्या आणि ती निघून गेली, ती परत आलीच नाही. किशोरीने तिच्या शिफ्टच्या नोंदी उघडून पाहिल्या. त्या दुपारी त्या मुलीचा पेशंट गेला होता, नातेवाइकांनी तिला गराडा घातला होता, आणि पंचवीस मिनिटांत त्याच बेडवर न्हावा शेव्याच्या ट्रेलरखाली सापडलेला एक माणूस आला होता. बेडवरची चादर बदलली होती, समोर उभी असलेली मुलगी तीच होती.

किशोरीने मागच्या दीड वर्षाच्या चुकांची नोंद काढली. चुकीचा डोस, विसरलेलं सलाइन, उलटा लिहिलेला बेड नंबर. निम्म्याहून जास्त चुका मृत्यूनंतरच्या किंवा नातेवाइकांच्या भांडणानंतरच्या तासात झाल्या होत्या. तिने एका कागदावर योजना लिहिली. पेशंट गेला किंवा अंगावर कुणी धावून आलं, की त्या नर्सने आपला बेड शेजारणीकडे द्यायचा आणि चादरींच्या खोलीत दहा मिनिटं बसायचं. फोन नाही. तिच्याशी कुणी बोलायचं नाही. शेजारणीने दारापाशी स्टुलावर पाण्याचा पेला ठेवायचा. तो पिऊन बाहेर यायचं.

सत्यजीत सर कागद वाचून म्हणाले, “खर्च काही नाही ना? मग करा.”

मुलींना खोलीची गोष्ट कळली, तिच्यामागची आईची गोष्टही कळली, आणि महिन्याभरात ‘जरा टोपली उतरवून येते’ असं त्या म्हणायला लागल्या. किशोरीने स्टुलाच्या वरच्या खिळ्याला एक वही टांगली. तारीख, नाव, आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ, कारण, हे ती स्वतः लिहायची; सही बसलेलीची. वही ठेवा असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“सिस्टर, आता रडायला पण सही करायची?” नाझियाने विचारलं.

“खोली चालते हे कशावरून सांगायचं मग?”

“चुका कमी झाल्या त्यावरून सांगा. आम्ही किती वेळा बसलो, ते कशाला?”

“नोंद असलेली बरी.”

“या अल्ला,” नाझिया म्हणाली, आणि तिने सही केली.

सात महिन्यांत चुका निम्म्यावर आल्या. सत्यजीत सरांनी गेटवर फलक लावला, त्यावर खोलीचा फोटो आणि खाली त्यांचं नाव. मार्चमध्ये मान्यतेची तपासणी होती आणि कर्मचाऱ्यांसाठी तुम्ही काय केलं या प्रश्नाला आता त्यांच्याकडे उत्तर होतं. किशोरीचं नाव फलकावर नव्हतं. तिला त्याचं काही नव्हतं. खोली राहिली म्हणजे झालं.

फेब्रुवारीत करारांच्या नूतनीकरणाची यादी लागली. तिघींचे करार पुढे वाढणार नव्हते. पहिलं नाव मोनालीचं होतं.

मोनाली सव्वीस वर्षांची. विभागात कुणाचीच शीर सापडेनाशी झाली की तिला हाक जायची. ती एचआरकडून परत आली तेव्हा ड्यूटी बदलायची वेळ होती, दोन्ही शिफ्टच्या मुली टेबलाभोवती होत्या. ती सगळ्यांसमोरच बोलली.

“बारा वेळा. त्यांनी वही समोर ठेवून मोजून दाखवलं. म्हणाले, सात महिन्यांत बारा वेळा बसावं लागतं म्हणजे तुम्हाला हे काम झेपत नाही. सिस्टर, मला तर खोलीत तुम्हीच जायला सांगायचात.”

“मीच सांगायचे.”

“मग लिहिलंत कशाला?”

किशोरीच्या तोंडून सवयीने निघालं, “नोंद ठेवावी लागते.”

“हो ना. मेलेल्याचीही ठेवायची आणि बसलेलीचीही.” मोनालीचा आवाज चढला नव्हता. “सात नंबरचा बेड मला कोण देतं? हायवेवरचे सगळे अपघात मला कोण देतं?”

“मी देते. तुझा हात चांगला आहे.”

“ते लिहिलंत का कुठे? वहीत हाताचा रकाना नव्हता.”

कुणी मध्ये पडलं नाही. नाझिया खिडकीशी उभी होती. ती किशोरीकडे बघून फक्त म्हणाली, “मी विचारलं होतं.” त्या दुपारपासून कप उपडा राहिला आणि चादरींच्या खोलीत जाणं बंद झालं. पेशंट गेला की मुली बाथरूममध्ये जायच्या, नळ सोडायच्या, दोन मिनिटांत तोंड पुसून बाहेर यायच्या. तीन आठवड्यांत दोन चुका झाल्या. दुसरीत एका म्हाताऱ्याला शेजारच्या बेडचं इंजेक्शन जाता जाता राहिलं.

किशोरी दोनदा सत्यजीत सरांकडे गेली. पहिल्यांदा त्यांनी बसायला सांगितलं, दुसऱ्यांदा नाही.

“डेटा तुमचाच आहे, सिस्टर. अक्षरही तुमचं. मी फक्त बेरीज केली.”

“वही औषध म्हणून होती. तुम्ही तिची हजेरी केलीत.”

“तपासणी गुरुवारी आहे,” ते म्हणाले. “वही नीट कव्हर घालून आणून द्या.”

बुधवारी ती वही सुकापूरला घरी घेऊन आली. गुणाबाई आता तिच्याकडेच असते. ती जमिनीवर पेपर पसरून जवळा निवडत होती. किशोरीने पाय धुतले, पाणी प्यायली. गुणाबाई तोवर गप्प होती. मग तिने विचारलं, “वही कसली ती?”

किशोरीने सगळं सांगितलं. गुणाबाईने जवळ्यातून एक काडी काढून बाजूला टाकली.

“मी उंबऱ्यात बसायची तवा तुजा बाप वही घेऊन बसत व्हता काय?”

“नाही.”

“तरी तुला ठावं हाय ना, मी बसायची ते?”

“आहे.”

“मंग. लय शिकलीस, त्याचा हा फायदा.” आणखी एक काडी टाकून ती म्हणाली, “ती पोर काय म्हनते?”

“बोलत नाही.”

“नाय बोलनार. मी पन बोलली नसती.”

गुरुवारी सकाळी सातला किशोरी चादरींच्या खोलीत बसली. मांडीवर वही, हातात पट्टी. पहिल्या नोंदीपासून तिने रेघ मारायला सुरुवात केली. एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी ‘चुकीची नोंद’, सही, तारीख, वेळ. मग दुसरी. एकसष्ट नोंदी होत्या. प्रत्येक खरी होती, आणि प्रत्येकीशेजारी ती चुकीची असल्याचं तिने सव्वीस वर्षांच्या नोकरीतल्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं. सात सात, सात आठ, सात नऊ. वेळाही तिने खऱ्या घातल्या. मोनालीचं नाव आलं तिथे ती थांबली नाही.

नऊ वाजता तिने वही सत्यजीत सरांच्या टेबलावर ठेवली, कव्हर घालून.

त्यांनी चार पानं उलटली. “हे काय आहे?”

“चुकीच्या नोंदी आहेत. माझ्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“मी मूर्ख वाटतो का तुम्हाला?”

“नाही. मूर्ख माणसाला ती यादी सुचली नसती.”

“माझ्याकडे झेरॉक्स आहे.”

“तीही दाखवा. मूळ वही शेजारी ठेवून.”

त्यांनी वही बंद केली. “खोट्या नोंदी म्हणजे काय होतं, माहीत आहे ना? रजिस्ट्रेशन जाऊ शकतं. हे कोळीवाड्यातलं भांडण नाही.”

“कोळीवाड्यात असतं तर आत्तापर्यंत मिटलं असतं, सर.”

त्यांचा हात वहीवरच होता. तीच पुढे बोलली. “तपासणीचे लोक दहाला येतील. खोली बघतील, वही मागतील. एकसष्ट रेघा का मारल्या ते मला विचारतील, आणि मी सांगेन. नाहीतर तुम्ही वही काढायची नाही, मीही तिचं नाव काढणार नाही. चुका किती कमी झाल्या ते कागद वेगळे आहेत, ते मी दाखवीन. त्यात कुणाचंच नाव नाही.”

“काय पाहिजे तुम्हाला?”

“तिघींची करार वाढवल्याची पत्रं. दहाच्या आत.”

सत्यजीत सरांनी घड्याळाकडे बघितलं आणि प्रिंटर सुरू केला. तिसरं पत्र निघेपर्यंत दोघं एकमेकांकडे न बघता उभे होते. वही त्यांनी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

तपासणीला आलेल्या बाईंनी खोली बघितली, स्टूल बघितलं, रिकामा खिळाही बघितला. “इथे कोण कधी बसलं, याची नोंद?”

“नोंद नाही,” किशोरी म्हणाली. “नोंद ठेवली तर कुणी बसणार नाही.”

बाईंनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं. काय, ते दिसलं नाही.

दुपारी मोनालीने पत्र उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. “एक वर्षाचं आहे,” ती नाझियाला म्हणाली. किशोरी दोन हातांवर होती. चार वाजता थर्मास आला. कप उपडाच राहिला.

पुढच्या सोमवारी सात नंबरचा पेशंट गेला. कर्नाळ्याच्या वळणावर पडलेला मोटरसायकलवाला, तीन दिवस झगडला. बेड मोनालीचा होता. तिने त्याच्या नळ्या काढल्या, चादर वर ओढली, आणि बेड नाझियाकडे देऊन ती चादरींच्या खोलीत गेली. महिन्याभरात पहिल्यांदाच कुणी गेलं होतं. नाझियाने दारापाशी पेला ठेवला. दहा मिनिटांनी मोनाली बाहेर आली आणि चार्टकडे वळली. रिकाम्या खिळ्याकडे तिने एकदा बघून घेतलं होतं.

बुधवारी शिपाई जगनमामा किशोरीसाठी लिफाफा घेऊन आले. उद्यापासून तिची बदली तळघरात होती, जिथे शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन निर्जंतुक करतात. तिथे खिडकी नाही आणि पेशंटही नाहीत. खोट्या नोंदींची चौकशी वेगळी चालणार होती. “आतलं वाचून झेरॉक्सवर सही करायची आहे,” मामा म्हणाले. किशोरीने पत्र वाचलं. मग तिने पेन टेबलावर ठेवलं, रिकाम्या स्टुलाजवळून चादरींच्या खोलीत गेली आणि दार लोटलं.

टोपली उतरवायला ती तिथे कधी बसली नव्हती. आत धुतलेल्या सुताचा, इस्त्रीचा वास होता. बाहेरून मामांचा आवाज आला, “अहो, सिस्टर कुठे गेल्या? सही राहिली.”

“आत आहेत,” मोनालीचा आवाज होता, कोरडा. “दहा मिनिटांनी या.”

“एका सहीला काय लागतंय, मी दारातूनच—”

“मामा. दहा मिनिटांनी या म्हटलं ना.”

पावलं लांब गेली. मॉनिटरचे टिकटिक आवाज तेवढे येत राहिले. किशोरीने हात मांडीवर ठेवले. दहा मिनिटं झाली तेव्हा ती उठली आणि तिने दार उघडलं.

स्टुलावर आता पेला होता, पण रिकामा. मोनाली सात नंबरपाशी होती, पाठ करून, नव्या पेशंटची शीर शोधत.

किशोरीने पेला उचलला, कोपऱ्यातल्या फिल्टरवर जाऊन स्वतः भरला, आणि उभ्यानेच सगळा प्यायली. मग ती सही करायला गेली.