बोटीसाठी घेतलेला हुक

शारजात असताना मी आणि वसईच्या एका मित्राने मिळून मासे धरायला एक जुनी, छोटी बोट घेतली. ती शेजारच्या अजमानला, विकणाऱ्याच्या अंगणात ट्रेलरवर उभी होती. ओढून आणायची तर माझ्या गाडीला मागे ट्रेलर अडकवायचा, लोखंडी गोळ्याचा हुक हवा. गॅरेजवाला म्हणाला, "साब, फिक्सवाला लगाओ, खलास." पण कायम बाहेर राहणाऱ्या हुकावर रोज नडगी आपटेल म्हणून मी काढता-घालता येणारा घेतला. घरी येताच तो काढला, पुसला आणि स्वयंपाकघरात ठेवला.

शुक्रवारी डबे घेऊन आम्ही सगळे अजमानला पोचलो. गाडी ट्रेलरपुढे उभी केली आणि मी डिकीत हुक शोधू लागलो.

"अहो, तो लोखंडी गोळा का?" बायको म्हणाली. "त्याने मी सकाळी नारळ फोडला. सिंकपाशीच आहे."

मित्र डोक्याला हात लावून खाली बसला. भुका लागल्या होत्या, परत जायला कोणीच तयार नव्हतं. शेवटी शिडी लावून आम्ही बोटीत चढलो आणि तिथेच डबे उघडले.

माझ्या मुलीने काठावरून खाली वाकून पाहिलं. "पपा, आर वी मूव्हिंग?"

"इन्शाल्ला," मित्र म्हणाला आणि त्याने आणखी एक वडा उचलला.