भिंतीजवळची पणती

दहीभाताचा दुसरा घास तोंडात होता, तेवढ्यात चर्चची झाडूवाली अम्मा जवळ येऊन हळूच म्हणाली, "सामी, खाली दोरै झोपलेत."

ज्याला ओटा समजून मी मांडी ठोकली होती ते एका गोऱ्या कप्तानाचं थडगं निघालं. मी धडपडत उठलो आणि काही न सुचून थडग्याला नमस्कार केला. अम्मा पदराआड हसली. "राहू द्या. त्यांना कुणी भेटायला येत नाही."

कलेक्टर कचेरीनं मला पापनाशमपलीकडच्या त्या खेड्यात धाडलं होतं ते गोऱ्यांच्या थडग्यांवरचे लेख उतरवून आणायला. माझं इंग्रजी अक्षर वळणदार, म्हणून मी. अर्थ कळला पाहिजे अशी अट नव्हती.

दुपारी नावं पडताळायला पाद्रीबाबांकडे दफनाची वही मागितली. पाद्री तिकडचेच, तमिळ, मऊ बोलणारे. अम्मा झाडू धरून दारात उभी राहिली ती हलेचना. कारण पाद्रीबाबांनीच सांगितलं. पुरात पडलेली कुंपणाची भिंत आता आत सरकवून बांधायची होती. वहीत नोंद असेल ते थडगं सोडून भिंत वळवायची, बाकी जमीन सपाट करायची, असा वरून हुकूम. अम्माची तीन महिन्यांची मुलगी पटकीत गेली होती. भिंतीजवळच्या मातीच्या एका उंचवट्यावर ती तीस वर्षं रोज पणती लावत आली. वहीत मात्र ती मुलगी सापडत नव्हती.

"मधली काही पानं वाचताच येत नाहीत, रायर," पाद्रीबाबा म्हणाले. "शाईत पाय बुडवून मुंग्या चालल्यासारखं काहीतरी आहे."

पाहतो तो मोडी. इकडचं मराठी राज्य खालसा झाल्यावर राजवाड्यातले आमचे कारकून पोटासाठी कुठे कुठे पांगले. त्यातलाच एक ख्रिस्ती होऊन इथं वही लिहायला बसला असणार, आणि हात सवयीनं मोडीत चालला असणार. मला वडिलांनी मोडी छडीनं शिकवली आणि मी ती निम्मी विसरलो. पण त्या दिवशी चष्मा पुसून असा पुढे सरसावलो की राजवाड्याचा चिटणीस जणू मीच.

बोट सरकवता सरकवता सापडलं. एकाच दिवशी दोन मुलं पुरली होती. 'भिंतीलगत, वाटसरूंचं मूल, आईबाप पुढे निघून गेले.' आणि त्याखाली, 'विहिरीलगत, इथल्या झाडूवाल्याची मुलगी, तीन महिन्यांची. आई तापात, आली नाही.'

म्हणजे नवऱ्यानं मागाहून तिला जागा दाखवली ती चुकीची. विचारायला आता तोही राहिला नव्हता.

"आहे का, सामी?" अम्मानं विचारलं.

"आहे."

"कुठे पुरलं म्हणून लिहिलंय?" पाद्रीबाबा म्हणाले.

दोन्ही नोंदी होत्या, दोन्ही जागा वाचणार होत्या. खोटं बोलायची काही गरज नव्हती. पण ती माझ्या ओठांकडे पाहत होती.

"भिंतीलगत," मी म्हणालो. "विहिरीलगत कुणा वाटसरूंचं मूल आहे."

पाद्रीबाबांनी तसं लिहून घेतलं. अम्मा उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, "माझं काही लिहिलंय?"

"आई तापात, आली नाही, असं आहे."

"तापात होते, हे लिहिलंय?" तिनं ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. "लोक म्हणायचे, पोरीला माती द्यायलासुद्धा आली नाही."

घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. शाबासकीची वाट पाहत होतो, हे कशाला लपवू. ती अवरेच्या शेंगा सोलत होती.

"म्हणजे तिच्या खऱ्या पोरीजवळ तीस वर्षं कुणीच बसलं नाही," ती म्हणाली. "आणि आता बसणारही नाही."

"अगं, तिला किती लागलं असतं."

"लागलं असतंच. दोन दिवस रडली असती, नवऱ्याला शिव्या दिल्या असत्या, दोन तुम्हालाही." तिनं सालं सुपात लोटली. "मग तिसऱ्या दिवसापासून दोन पणत्या लावल्या असत्या, अहो."