गिरणीपलीकडचं चाक

त्या दिवशी गिरणीवाल्यानं भर दुपारी इंजिन बंद केलं. पट्टा ढिला पडला, माझं धारेचं चाक फिरत फिरत थांबलं. शिंप्याची कात्री हातात धरून मी त्याच्यावर ओरडणार, तोच तो दारात येऊन म्हणाला, "अण्णा, दस्तगीरभाई गेले." त्यावर मला पहिलं जे सुचलं तेच लिहितो. माझे वडील वारले तेव्हा याच गिरणीवाल्यानं दळण चालू ठेवलं होतं.

सोलापुरात माझं आणि दस्तगीरचं, अशी आमची धारेची दोन दुकानं एकाच पिठाच्या गिरणीच्या दोन अंगांना. मधे तेलावरचं इंजिन, त्याच्या एकाच दांड्यावरून एक पट्टा माझ्याकडे, एक त्याच्याकडे. वेग तोच, पोलाद तेच, गिऱ्हाईकही तेच. तरी धार म्हटली की नाव निघे दस्तगीरचं. माळशिरसकडचे धनगर मेंढ्यांच्या लोकरीच्या कातरी घेऊन यायचे, माझ्या दारात उभे राहून विचारायचे, "दस्तगीरभाई कुटं बसत्यात?"

"हितं मीबी बसलोय की," मी म्हणे.

"व्हय, पर कातर त्येंच्याकडंच टाकायचीय."

परक्यांचं एक वेळ सोडा. आमच्या कुटुंबानं स्वतःचा अडकित्ता पदराखाली झाकून त्याच्याकडे नेला. विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला काम फार, म्हणून नेला." काम फार असतं तर मला दुखणं कशाचं होतं? त्या दिवसापासून एकच ध्यास लागला. तो अडकित्ता तिनं आपणहून माझ्यापुढे ठेवावा.

मी मुंबईहून कडक चाकं मागवायचो, वर्षानुवर्षं टिकणारी. तो मऊ चाक घ्यायचा आणि त्याच्या दुकानात सदा भुगा. मी एकदा चिडवलं, "भाई, तुम्ही धारेपेक्षा भुगाच जास्त काढता." तो हसला. म्हणाला, "पोलाद कडक हाय ना अण्णा, मग चाक मऊ पायजे. चाकाचा कण बोथट झाला की गळून पडतो, खालचा ताजा कण वर येतो. तुमचा बोथट होऊनबी बसून ऱ्हातो, मग पातं तापतं, निळं पडतं, धार टिकत न्हाय." बोलणं पटलं, म्हणून जास्तच झोंबलं. मऊ चाक आणावं, तर अण्णानं दस्तगीरची नक्कल केली म्हणून बाजार हसणार. मी कडकच वापरत राहिलो आणि त्याच्या चाकावर डोळा ठेवून राहिलो.

चाकाची निगा तर तो तान्ह्या पोराची ठेवावी तशी ठेवी. संध्याकाळी चाक ओलं ठेवणाऱ्या खालच्या पन्हाळीतलं पाणी आठवणीनं ओतून टाकायचा, कारण चाकाचा एक भाग रात्रभर भिजला की ते एका अंगाला जड होतं आणि फिरताना हिसके देतं. चाक दांड्यावर चढवताना दोन्ही बाजूंना जाड कागदाची चकती, आणि नट बेतानंच आवळायचा. नवं चाक आलं की भोकात बोट घालून ते लोंबतं धरायचा, हातोडीच्या लाकडी मुठीनं हळूच वाजवायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. खणखणीत वाजलं तरच चढवायचा. जुनंही रोज सकाळी उतरवून वाजवी. तो नाद गिरणीतून माझ्यापर्यंत येई आणि माझा दिवस नासून जाई.

एकदा माझं नवं चाक आलं तेव्हा हा न बोलावता आला, वाजवलं आणि म्हणाला, "बद्द बोलतंय अण्णा. आत तडा असंल. नका चढवू." मला वाटलं, याला माझं नवं चाक बघवत नाही. चढवलं. इंजिन सुरू झालं तसं त्यानं माझा सदरा धरून मला चाकासमोरून बाजूला ओढलं. पुढच्याच क्षणी चाक फुटलं, एक तुकडा समोरच्या पत्र्यात घुसला. मी वाचलो. पण तेव्हापासून ज्याला त्याला ती गोष्ट सांगायची असे आणि प्रत्येक गोष्टीत शहाणा तो, वाचलेला जीव माझा.

दस्तगीरचा चाळिसावा दिवस झाल्यावर त्याची बायको हुसेनबी भाभी फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आल्या. "अण्णा, ह्ये तुमीच ठेवा. घरात चालवणारं कुणी न्हाय," म्हणाल्या. फडकं सोडलं तर त्याचं चाक... झिजून झिजून बशीएवढं उरलेलं. ज्याच्यावर मी इतकी वर्षं डोळा ठेवला, ते त्यानं जवळजवळ सगळं वापरून संपवलं होतं. दांड्यावर चढवून पाहिलं, पातं टेकवायला धड जागा उरली नव्हती. शेवटी खुंटीला टांगलं.

मग मी मऊ चाक मागवलं. बाजार हसला, हसू दे. पन्हाळीतलं पाणी मीही आता ओततो. परवा आमच्या कुटुंबानं अडकित्ता आणून माझ्यापुढे ठेवला. आता दुसरीकडे न्यायला जागाच कुठं होती? मी जीव ओतून धार लावली. तिनं तिथंच बसून सुपारी कातरली, चिमूट तोंडात टाकली.

"कशी झालीय?" मी विचारलं.

ती खुंटीकडे बघत म्हणाली, "अगदी त्यांच्यासारखी."

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हे मलाही कळतं. आज सकाळी दुकान उघडलं आणि हातोडीच्या मुठीनं आधी त्याचं चाक वाजवलं. ते इवलंसं चाक असं खणखणीत वाजलं, की त्यानंतर माझं वाजवायला हातच उचलेना.