मुन्शीजींच्या कादंबऱ्यांतले खून

छापखान्यात माणूस चार वर्षं टिकला की किस्से आपोआप साठत जातात. लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव छापून झालं, हा तर दर हंगामातला! पण निजामाच्या राज्यात, जालन्यात मस्तगडच्या छापखान्यात मी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत होतो, तेव्हाचे माझे निम्मे किस्से एकाच माणसाचे आहेत. रंगनाथराव त्यांचं नाव. पोलीस ठाण्यात कारकून होते, उर्दू उत्तम लिहायचे, म्हणून सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. खुनाच्या कादंबऱ्या मात्र मराठीत लिहायचे आणि स्वतःच छापून घ्यायचे. कागद तेच आणत, पानं तेच दुमडत, शिवत तेच, आणि बाजारात विकायलाही तेच बसत.

* * *

विकणं काही त्यांना जमलं नाही. एकदा भोकरदनच्या आठवडी बाजारात मिरचीवाल्यांच्या रांगेत पोतं अंथरून बसले होते, मी सोबत होतो. एक शेतकरी आला. त्यानं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. वाचता येत नव्हतं बिचाऱ्याला. खून कुणी केला, एवढंच त्यानं विचारलं. झालं! मुन्शीजींनी पहिल्या पानापासून सगळी गोष्ट सांगितली, खुन्याचं नावसुद्धा सांगून टाकलं. भोवती वीस-पंचवीस माणसं जमली, खूश होऊन आपापल्या वाटेनं गेली. एकही प्रत खपली नाही.

मी जाम चिडलो. म्हटलं, निदान नाव तरी लपवायचं.

"कसं लपवू? न कळताच घरी जावं लागलं असतं त्याला," मुन्शीजी म्हणाले. "लई वाईट असतंय ते."

* * *

पुस्तक छापण्याआधी परवानगीसाठी एका सरकारी साहेबांना दाखवावं लागायचं. साहेबांना मराठीचा गंध नव्हता, म्हणून एका कादंबरीची गोष्ट मुन्शीजींनी उभ्या उभ्या उर्दूत सांगितली. साहेबांनी मन लावून ऐकली आणि हरकत घेतली. गोष्टीतला अमीन, म्हणजे ठाण्याचा मुख्य, तपासात चुकतो, ते चालायचं नाही.

मुन्शीजींनी निमूटपणे अमीनच काढून टाकला. त्यामुळे त्या कादंबरीत मुडदा सापडतो, गाव जमतं, बायका रडतात, पण ठाण्यातून शेवटपर्यंत कुणी फिरकतच नाही! महिन्याभरानं एका वाचकाचं कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं की इतकं खरं पुस्तक आपण आजवर वाचलं नव्हतं.

* * *

त्यांच्या प्रत्येक कादंबरीत विहीर असायची आणि विहिरीत एक बाई सापडायची. शेवटी छापखान्याचे मालक वैतागले. मुन्शीजी, या खेपेला जरा चाकूसुरी येऊ द्या, म्हणाले. मुन्शीजींनी मान डोलावली.

पहिला फर्मा, म्हणजे पहिली सोळा पानं, छान निघाला. खोलीचं दार आतून बंद, व्यापाऱ्याला सुरा मारलेला. आमच्याकडे खिळे मोजकेच. सोळा पानं छापून झाली की तेच खिळे सोडवून पुढची सोळा जुळवायची, त्यामुळे मागचं काही बदलता येत नसे. तिसऱ्या फर्म्याला पाहतो तर काय, तो व्यापारी मेलेलाच नव्हता. सुऱ्यासकट उठला, शेतापर्यंत चालत गेला आणि विहिरीत सापडला!

मी आणि मालक पोट धरून हसलो. मुन्शीजी मान खाली घालून प्रूफ वाचत राहिले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

* * *

त्या विहिरीचं कारण पुढे कळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कागद मिळेनासा झाला होता. उरलीसुरली पानं दुमडत आम्ही दोघंच बसलो होतो. मी सहज विचारलं, मुन्शीजी, कुणी विकत घेत नाही, कुणी नाव काढत नाही, मग हा उपद्व्याप कशासाठी?

दुमडता दुमडताच त्यांनी सांगितलं. त्यांची धाकटी बहीण काशी अंबडकडे दिली होती. एक दिवस ती सासरच्या विहिरीत सापडली. पंचनामा उर्दूत लिहायचा होता, आणि तेव्हा मुन्शीजी अंबडच्याच ठाण्यात नोकरीला, लिहिणारे हे एकटेच.

"अमीनसाहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. पाणी भरायला गेल्ती, पाय घसरला. घागर घरात पालथी व्हती, मी सोताच्या डोळ्यानं पाह्यली. पण साहेब तिच्या सासरी जेवून उठले व्हते, अन् माझी नोकरी नवी. हात थांबला न्हाई माझा. अक्षर त्या दिशी लई सुरेख आलं."

पंचनामा कुणी लिहिला, ते त्यांनी आईला कधी सांगितलं नव्हतं. मला रडू आवरेना. ते मात्र पानं दुमडत राहिले.

* * *

छातीचं दुखणं सुरू झाल्यावर त्यांनी शेवटची कादंबरी लिहिली. तिच्यात बाई विहिरीत सापडते, घागर घरात असते, आणि खुनी काही सापडत नाही. फक्त एक कारकून शेवटच्या पानावर पुढे येऊन सांगतो, की खोटा पंचनामा मी लिहिला आणि मेलेली बाई माझी सख्खी बहीण होती. मालकांना हा शेवट मुळीच पटला नाही. कारकुनानं कुठं कुणाला ढकललं, असं त्यांचं म्हणणं. मुन्शीजींनी एक शब्द बदलला नाही.

प्रत्येक कादंबरीची पहिली प्रत ते आईला वाचून दाखवत. या वेळी मला म्हणाले, तू चल, माझ्याच्यानं एकट्यानं वाचवणार नाही.

दुपारची वेळ होती. म्हातारी सुपात तूर निवडत बसली होती. मुन्शीजी सलग वाचत गेले. शेवटचं पान आलं. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि ते पान मी वाचलं.

म्हातारीचे हात सुपातच थांबले. तिनं विचारलं, "त्या कारकुनाला माय हाय का?"

"हाय," मुन्शीजी म्हणाले.

"मंग त्याला म्हनावं, तुह्या मायला पयल्यापासून ठावं हाय."

आणि सूप बाजूला सारून ती आम्हा दोघांसाठी भाकरी टाकायला उठली.