आजीचं वय

नातीने नवा कीबोर्ड खोक्यातून काढला आणि त्या कोऱ्या प्लास्टिकच्या वासाने मी थेट नागपूरच्या आमच्या दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीशी जाऊन पोचले. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. केसपेपर आता कॉम्प्युटरवर काढायचे असं ठरलं होतं, आणि आम्हा नर्सना ते शिकवायला एक तरुण मास्तर आले होते. मी एका बोटाने अक्षरं शोधत होते. काटोलकडून डोळे दाखवायला आलेली एक आजी खिडकीशी उभी होती. नाव झालं, गाव झालं आणि वयाशी गाडी अडली. "मले काय मालूम वं बाई, लिही न काहीबी," आजी म्हणाली. मास्तर म्हणाले, "वय भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही." इकडे डॉक्टरांची उठायची वेळ झालेली. मी विचारलं, "आजी, तुमची मोठी मुलगी केवढी?" ती माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "तुह्याएवढीच असंन. अठराव्या वर्षी झाली मले." मी माझ्या वयात अठरा मिळवले आणि एकसष्ट टाइप केलं. केसपेपर करकरत बाहेर आला, तो घेऊन आजी लगबगीने आत गेली. मास्तर मात्र पडद्याकडे पाहत मनाशी हिशेब करत होते. "म्हणजे सिस्टर, तुम्ही त्रेचाळीसच्या?" सगळ्या स्टाफला मी छत्तीस सांगितलं होतं. मागे उभ्या मैत्रिणींना हसू आवरेना. मी मान न वळवता पुढच्या पेशंटला हाक मारली. आज मी त्या आजीच्याही पुढे गेले आहे, आणि कोणी वय विचारलं की दोन वर्षं वाढवूनच सांगते.