मेतकुटाशेजारची बरणी

न्यूझीलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या आमच्या घरात, सिंकच्या वरच्या फळीवर, दोन सारख्या काचेच्या बरण्या शेजारी शेजारी असत. एकीत मेतकूट, दुसरीत गुडघ्याचं चूर्ण. दोन्हींचा रंग जवळजवळ सारखाच, पिवळट. बायको वासावरून ओळखायची. एका स्पॅनिश टेनिसपटूची कारकीर्द त्या दोन बरण्यांच्या मध्ये संपली. ती मी संपवली. त्याच्याबद्दल जे छापून आलं आणि जे निकालात लिहिलं गेलं, ते चूक आहे. तो खरं बोलत होता.

मी फार्मासिस्ट. निवृत्त होईपर्यंत याच उपनगरातल्या एका औषधाच्या दुकानात काम केलं. आपल्याकडची म्हातारी माणसं मुलांकडे राहायला आली की हमखास माझ्या काउंटरवर येत. ‘सध्या कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘काही नाही हो, तब्येत ठणठणीत आहे.’ मग मी दुसरा प्रश्न विचारायचो. ‘आणि घरचं काही? काढा, चूर्ण, वैद्यांची पुडी?’ लगेच पिशवीतून तीन-तीन पुड्या निघायच्या. घरचं ते औषध नव्हेच, ही आपली समजूत. तिच्यामुळे रक्तदाब बिघडलेली माणसं मी पाहिली होती. पुड्यांमध्ये कुटून मिसळलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांबद्दल वाचलं होतं. इथल्या नर्सेसच्या एका बैठकीत मी ‘दुसरा प्रश्न विसरू नका’ असं भाषणही ठोकलं होतं.

आणि त्याच सुमारास माझ्या घरात, लेबल नसलेली ती बरणी होती.

चूर्ण माझी बहीण, आक्का, आणायची. तिच्या गावाकडच्या वैद्यांचं. इथल्या विमानतळावर खाण्यापिण्याचं, बी-बियाण्यांचं सगळं दाखवावं लागतं, म्हणून ती मसाल्यांच्या पाकिटात बांधायची आणि तिथल्या अधिकाऱ्याला सांगायची, ‘स्पाइस’. बायकोचे गुडघे त्या चूर्णानं आठवड्याच्या आत चालायला लागले. ती जिना चढून वर यायची आणि म्हणायची, ‘बघा, तुमच्या दुकानात आहे का असलं काही?’

मी हसायचो. हसताना मनात कुठेतरी टोचायचं. पाला-मुळ्या इतक्या लवकर गुण देत नाहीत. काउंटरवर हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं होतं.

त्या जानेवारीत दुकानातलं एक गिऱ्हाईक, टेनिस क्लबात स्वयंसेवक असलेला म्हातारा किवी, मला म्हणाला, ‘तुमच्याकडे खोली रिकामी आहे का? एक खेळाडू आहे. पोरगा चांगला आहे.’ छोट्या स्पर्धांमधले खेळाडू हॉटेलात उतरत नाहीत, परवडत नाही. कुणीतरी घरात ठेवून घेतं. आमची मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला गेली होती. तिची खोली होती. मी हो म्हणालो.

तो आला तो पाठीवर रॅकेटींची भलीमोठी बॅग आणि पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून. दारात जँडल्स काढलेल्या पाहून बायको खूश झाली. ‘संस्कार आहेत हो याच्यावर,’ ती म्हणाली.

‘अगं, त्याला लागत असतील चपला.’

‘तुम्हाला कुणाचं चांगलं बघवत नाही.’

पंचविशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला, बोलायला सावकाश. इंग्रजी तो शब्द निवडून निवडून बोलायचा, जणू चुकीचा शब्द म्हणजे चुकीचा फटका. संत्र्यांच्या बागांमधल्या एका लहान गावचा. वडील तिथल्या क्लबाची लाल मातीची कोर्टं राखायचे. सकाळी पाणी मारायचं, जाळी ओढून माती सारखी करायची. त्या ओल्या मातीवर पहिले पाय उमटायचे ते याचे. किशोरवयात त्याच्या देशातल्या पहिल्या काही मुलांत त्याचं नाव होतं. एकदा मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला होता. मग खांद्याची शस्त्रक्रिया, मग क्रमवारीत घसरण, मग अशा लांबच्या देशांतल्या छोट्या स्पर्धा आणि परक्यांच्या मुलींच्या खोल्या.

‘हे शेवटचं वर्ष,’ तो जेवताना म्हणाला. ‘वर चढलो तर पुढे. नाही तर वडिलांबरोबर माती ओढायची.’

बायकोनं त्याला मऊ भात, तूप आणि मेतकूट वाढलं होतं. त्याला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी स्वतःहून बरणीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘सेन्योरा, यलो?’ बायको हसून हसून थकली.

त्या संध्याकाळी मी पाहिलं, तो वरच्या फळीवरचा पेला डाव्या हातानं काढत होता. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. सकाळी सामना होता.

घरी आलेल्या पाहुण्याला दुखतंय आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे आपल्याला जमत नाही. मीही तसाच. त्यात संक्रांतीचे दिवस, घरात गोडाधोडाचं वारं. मी दुसरी बरणी उतरवली, चमचाभर चूर्ण वाटीत मधाबरोबर कालवलं आणि त्याच्यापुढे धरलं.

त्यानं वाटी हातात घेतली नाही. माझ्याकडे बघून विचारलं, ‘हे औषध आहे का? मला परवानगी नसते. तुम्ही फार्मासिस्ट आहात, तुम्हाला माहीत असेल.’

‘औषध नाही. स्पाइस आहे,’ मी म्हणालो.

‘काय काय असतं त्यात?’

‘हळद, सुंठ, मुळ्या. घरचं आहे.’

ओट्याशी बायको वळली. मराठीत म्हणाली, ‘अहो, पोरगं काळजीनं विचारतंय. नीट सांगा.’

‘नीटच सांगतोय.’

त्यानं वाटी घेतली आणि बोटानं पुसून चाटली.

सकाळी त्याचा हात वर गेला. तो जिंकला. संध्याकाळी पुन्हा चमचा. पुन्हा जिंकला. आम्ही दोघं गॅलरीत बसून बघत होतो. त्याचा सर्व्हिसचा हात कानाच्या वर जाऊन चाबकासारखा खाली यायचा आणि बायको टाळ्या वाजवायची. मला मात्र बसवेना. त्या हाताची सहजता मला ओळखीची वाटत होती. ती माणसाच्या अंगची नव्हती, गोळीची होती. तरीही संध्याकाळी मी चमचा भरला. थांबवायचं तर का थांबवतो ते सांगावं लागलं असतं.

उपांत्य सामना जिंकून तो उशिरा घरी आला. ‘टेस्ट होती,’ म्हणाला. ‘एक माणूस बाथरूमपर्यंत सोबत आला. नेहमीचंच.’ आणि पोळी मोडता मोडता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘तुमच्या घरात जादू आहे.’

फळीवर त्या दोन बरण्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

अंतिम सामना तो हरला, पण क्रमवारीत चढला. जाताना त्यानं बायकोला वाकून नमस्कार केला. तिनंच शिकवला होता. पुढचे काही आठवडे मी फोनवर त्याचे निकाल बघत होतो. मग एका आठवड्यात त्याचं नाव कुठल्याच स्पर्धेत दिसेना. पुढच्या आठवड्यातही नाही.

पानं गळायला लागली तेव्हा उत्तेजकांची चौकशी करणाऱ्या संस्थेतून एका बाईंचा फोन आला. आवाज मृदू. त्याच्या लघवीत स्टेरॉइड सापडलं होतं. तो म्हणत होता की, मी ज्या घरात राहिलो तिथल्या फार्मासिस्टनं मला मधातून पिवळी पूड दिली, मी आधी विचारून घेतलं होतं.

‘तुम्ही त्याला काही औषध दिलं होतं का?’

‘नाही.’

 मग त्या बाईंनी विचारलं, ‘आणि घरगुती काही?’

माझाच दुसरा प्रश्न. मी खुर्चीवर बसलो. खरं सांगितलं असतं तर माझ्या नोंदणीवर प्रश्न येणार होता, गावभर होणार होतं. मी म्हणालो, ‘हो. घरचा मसाला. आम्ही रोज खातो.’

‘नमुना मिळेल?’

‘जरूर.’

कुरिअरवाला येण्याआधी मी फळीवरून बरणी उतरवली आणि त्यांनी पाठवलेल्या डबीत मेतकूट भरलं.

ते तपासलं गेलं. अर्थातच स्वच्छ निघालं. डाळ, तांदूळ, हळद, हिंग यांत काय निघणार? निकालात आलं की खेळाडूनं सांगितलेल्या गोष्टीला आधार सापडत नाही. त्याच्यावर बंदी आली. त्यानं अपील केलं.

आणि चूर्णाची बरणी? ती मी त्याच दिवशी गॅरेजमध्ये, गवत कापायच्या यंत्रामागे, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवली. फेकून देण्याचीही भीती वाटली. कचऱ्याच्या डब्यातून कुणी काढील असं वाटायचं. बायकोला सांगितलं, खराब झालं होतं, टाकलं.

‘मग माझ्या गुडघ्यांचं काय?’

‘आक्का आणेल दुसरं.’

तिचा चेहरा त्या वर्षभरात गोल झाला होता. महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणायच्या, ‘काय वहिनी, न्यूझीलंड मानवलं!’ हातावर जरा काही लागलं की जांभळे डाग उठायचे. दुकानात असा चेहरा आत आला असता तर हे स्टेरॉइडचं काम, असं मी दारातच ओळखलं असतं. घरात मी तो रोज बघत होतो आणि बघत नव्हतो. असं औषध दीर्घकाळ घेतलं की एकदम बंद करायचं नसतं, शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणंच विसरलेलं असतं. हे मी लोकांना पाकिटावर लिहून द्यायचो. घरातलं मात्र मी एका दिवसात बंद केलं, कारण मला बरणी लपवायची होती.

आधी तिला थकवा आला. मग जेवण जाईना. मग उलट्या. ‘व्हायरल असेल,’ मी म्हणत राहिलो. एका सकाळी ती न्हाणीघराच्या दारात कोसळली आणि तिचा हात माझ्या हातात गार लागला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, ‘कुठली औषधं?’ मी म्हणालो, ‘काही नाही.’ त्यांनी लिहून घेतलं आणि दुसरीकडे शोधायला लागले. तिचा रक्तदाब पडत होता. तेवढ्यात सलाईन लावणारी नर्स, नाशिककडची मुलगी, माझ्याकडे वळली.

‘काका, घरचं काही? चूर्ण, पुडी?’

मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिलो.

‘काका, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना ते? काकूंचा चेहरा बघा. मला सांगा.’

मी सांगितलं. तिनं धावत जाऊन डॉक्टरांना गाठलं, स्टेरॉइडची सुई टोचली गेली, आणि दुपारपर्यंत बायकोनं डोळे उघडले. मुलीनं अल्बनीहून येऊन गॅरेजमधली बरणी आणली. ‘बाबा, व्हॉट इज धिस?’ एवढंच ती म्हणाली. हॉस्पिटलनं ते चूर्ण तपासायला पाठवलं. त्यात जे सापडलं, ते त्याच्या लघवीत सापडलं होतं तेच.

तेव्हा त्याचं अपील अजून चालू होतं. मला ते माहीत होतं. तपासणीचा कागद माझ्या खिशात होता.

बायकोला पलंगावर बसतं केलं तेव्हा तिनं सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाली, ‘म्हणजे मेतकूट तुम्ही काढलंत. मी म्हणत होते, इतकं कसं संपलं. आता त्या पोराला फोन करा.’

‘करतो.’

‘आज.’

‘अगं, करतो म्हटलं ना.’

मी केला नाही. अपील फेटाळलं गेलं. बंदी संपेपर्यंत त्याची तिशी जवळ आली होती, खांदा गेला होता. तो स्पर्धांमध्ये परतला नाही. मी निवृत्त होईपर्यंत थांबलो, मग कारणं संपली तरी थांबलो. बायको माझ्याशी बोलायची, पण जेवणात मेतकूट तिनं कधी केलं नाही. फळीवर तिथे रिकामी जागा आहे.

गेल्या महिन्यात तिनंच फोन लावला. त्याच्या क्लबाचा नंबर तिनं नातवाकडून शोधून घेतला होता. आमची सकाळ, त्याची संध्याकाळ. फोन स्पीकरवर ठेवून तिनं माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, ‘सांगा.’

मी सांगितलं. बरणी, मेतकूट, टॉवेल, हॉस्पिटलचा कागद. मागे चेंडूंचे आवाज येत होते, लहान मुलांचे. माझं सांगून झालं. 

मग त्यानं विचारलं, ‘सेन्योरा बरी आहे?’

‘आहे रे बाबा, आहे,’ बायको मराठीतच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

 मग तो म्हणाला, ‘मी इतकी वर्षं एकच विचार करतो. माझं इंग्रजी तेव्हा चांगलं नव्हतं. वडील म्हणायचे, तूच चुकीचं विचारलं असशील, नाही तर फार्मासिस्ट असं कसं सांगेल? मी तुम्हाला नीट विचारलं नव्हतं का?’

त्या प्रश्नासाठी माझी तयारी नव्हती. शिव्यांसाठी होती.

‘नीट विचारलं होतंस,’ मी म्हणालो. ‘दोनदा विचारलं होतंस. मी खोटं बोललो.’

‘हे लिहून द्या,’ तो म्हणाला. ‘संस्थेला द्या. पण एक वडिलांसाठी वेगळं द्या. त्यांना इंग्रजी येत नाही. मी वाचून दाखवीन.’ आणि नंतर, ‘अजून ऐकू येतं त्यांना.’

कुणीतरी मागून त्याला हाक मारली. त्यानं ‘अदिओस’ म्हटलं की नुसताच फोन ठेवला, ते मला नीट ऐकू आलं नाही.

संस्थेला काय ते कळवलं आहे, तपासणीच्या कागदासकट. आता वडिलांसाठीचं लिहायला बसलो आहे. बायको समोर बसून लसूण सोलते आहे आणि अधूनमधून विचारते, ‘कुठपर्यंत आलं?’ मी वाटीपर्यंत आलो आहे. त्यानं वाटी घेतली नव्हती, आधी विचारलं होतं, तिथपर्यंत.